फुटली नाही म्हणून डोकावला

2025 ची दिवाळी मध्य प्रदेशात 20 ऑक्टोबरला झाली. आपल्याकडे लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी, 21 ला होतं. नागपुरात आम्ही फराळाची ताटं भरत होतो, तेव्हा भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली मुलं यायला लागली होती. दोन-तीन दिवसांत राज्यभरातला आकडा शंभराच्या पुढे गेला. भोपाळ, इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर, सगळीकडून तीच बातमी. चौदा मुलांची दृष्टी गेल्याचं त्याच आठवड्यात छापून आलं. सगळ्यांच्या मुळाशी एकच वस्तू होती. प्लास्टिकच्या पाइपचा जोड, आत कॅल्शियम कार्बाइडचे खडे, थोडं पाणी आणि एक ठिणगी. बाजारात तिला कार्बाइड गन म्हणत, कुठे देसी फटाका गन. किंमत दीडशे-दोनशे रुपये.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीच्या पुस्तकात कार्बनी संयुगांचा धडा आहे, त्यात इथाइन येतं. इथाइन म्हणजेच ॲसिटिलीन, वेल्डिंगवाल्याचा गॅस. तोच या पाइपात तयार होतो. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा हा विषय वर्गात येणार हे ठरलेलंच होतं. आला, पण माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या दारानं आला. ते शेवटी सांगतो.

आधी ही वस्तू आली कुठून ते पाहू. ती मुलांच्या डोक्यातून निघालेली नाही. शेतकऱ्यांकडे ती बरीच वर्षं आहे. कोकणात आंब्या-काजूच्या बागेत वानर आणि माकडं उतरली की मोठा आवाज काढून त्यांना पिटाळायला असे पाइप वापरतात. मध्य प्रदेशातही पक्षी, माकडं आणि नीलगायी हाकलायला त्यांचा वापर होताच. शेतातल्या माणसाचं एक असतं. त्याला आवाज हवा असतो, मजा नको असते. पाइप बांधाला टेकवलेला, तोंड मोकळ्या रानाकडे, भोवती कोणी नाही. एक बार काढला की तो आपल्या कामाला लागतो. हीच वस्तू गल्लीत आली, भोवती आठ-दहा मुलांचं कोंडाळं जमलं, मोबाइल धरणारा एक पुढे आला, की ती मूळची वस्तू राहत नाही. त्या वर्षी रील्सवर असे पाइप उडवून दाखवण्याची लाट होती. बार वाजला की व्हिडिओ संपतो. न वाजलेल्या बाराचा व्हिडिओ कोणी टाकत नाही, आणि या प्रकरणाचा सगळा जीव त्या न टाकलेल्या व्हिडिओंत आहे.

पालकांबद्दल एक शब्द. यातले बरेच पाइप मुलांनी चोरून बनवलेले नव्हते, हातगाडीवरून पालकांसमोर घेतलेले होते. हिशेब समजण्यासारखा आहे. फटाक्यांची एक पिशवी हजाराला जाते आणि तासाभरात संपते, हा पाइप दोनशेचा आणि पुन्हा पुन्हा वाजतो. दारू नाही, वात नाही, धूर नाही. दिसायला नळाचं सामान. वात पेटवून पळायचं नाही म्हणजे हे फटाक्यापेक्षाही सुरक्षित, असं कोणालाही वाटेल. दुकानदाराकडे उत्तम वाक्यही तयार असतं: यात बारूद नाही.

बारूद नाही हे खरंच आहे. आहे ते काय, ते पाहू.

कार्बाइड हा करड्या रंगाचा, ओबडधोबड दगड. कोरडा असेपर्यंत तो काही करत नाही. पाणी लागलं की फसफसतो आणि लसणासारखा वास येतो. शुद्ध ॲसिटिलीनला असा उग्र दर्प नसतो. तो वास मालातल्या अशुद्धतेमुळे तयार होणाऱ्या फॉस्फिनसारख्या वायूंचा, आणि फॉस्फिन स्वतः विषारी. बाजारातल्या एक किलो कार्बाइडमधून साधारण 300 लिटर ॲसिटिलीन निघतं. मागे उरतो तो पांढरट गाळ, म्हणजे भिजलेला चुना.

ॲसिटिलीन किती हट्टी गॅस आहे हे घरातल्या सिलिंडरशी ताडून पाहिलं की कळतं. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण दोन ते साडेनऊ टक्के असेल तरच पेट घेतो. त्याहून कमी किंवा जास्त असला तर पेटत नाही. ॲसिटिलीनची हीच मर्यादा अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत आहे. म्हणजे पाइपात हवा जास्त असो की गॅस जास्त, ते मिश्रण जवळपास नेहमीच पेटायला तयार. त्याला पेटवायला लागणारी ऊर्जाही स्वयंपाकाच्या गॅसच्या सुमारे दहावा भाग. अंगातला स्वेटर काढताना उडणारी ठिणगीसुद्धा पुरते. शिवाय ज्योत पाइपातून पुढे सरकताना वेग घेते, आणि बंद नळीत ॲसिटिलीनचा साधा भडका कडाडून फुटणाऱ्या स्फोटात बदलायला वेळ लागत नाही. नळाचा पाइप पाण्याचा दाब सोसण्यासाठी बनवलेला असतो, असा धक्का सोसायला नाही. तो फुटला की त्याच्या धारदार कपच्या उडतात. प्लास्टिकची कपची डोळ्यात गेली तर ती एक्स-रेमध्ये लोखंडाच्या तुकड्यासारखी ठळक दिसत नाही, डॉक्टरांना ती शोधावी लागते.

तरीही या प्रकरणातले जास्त डोळे पाइप फुटून गेले असं म्हणता येत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि वाचलेली मुलं यांच्या सांगण्यात एक दृश्य पुन्हा पुन्हा येतं. मुलानं ठिणगी दिली. काही झालं नाही. पुन्हा दिली. काही नाही. मग त्यानं पाइपाचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि आत पाहिलं.

या एका क्षणावर थांबायला हवं, कारण तिथे मूर्खपणा शोधणं सोपं आणि चुकीचं आहे. बंद पडलेल्या वस्तूत डोकावून पाहणं हा माणसाचा जन्मजात स्वभाव आहे. पिचकारी अडली की आपण तिच्या तोंडात पाहतो. टॉर्च लागली नाही की काच डोळ्यासमोर धरतो. स्कूटर सुरू झाली नाही की टाकीचं झाकण उघडून आत वाकतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यातही तेच चालतं: अडलंय काय ते बघू. फटाक्याच्या बाबतीत निदान एक भीती लहानपणापासून अंगात मुरलेली असते. वात विझलेल्या सुतळी बॉम्बकडे जाऊ नकोस, हे आजीनं दहादा सांगितलेलं असतं. या पाइपाला वातच नाही, त्यामुळे ती भीती इथे लागूच होत नाही. वाजला नाही तर तो मुलाला बंद पडलेलं यंत्र वाटतो, जिवंत बॉम्ब वाटत नाही.

आणि रसायनशास्त्र नेमकं उलट चाललेलं असतं. पहिली ठिणगी फुकट गेली याचा अर्थ आत काही नाही असा नसतो. कधी खडे नीट भिजलेले नसतात, कधी ठिणगी देणारी कळ ओली असते किंवा ठिणगीच दुबळी असते. पण पाणी आपलं काम करत राहतं. प्रत्येक सेकंदाला गॅस वाढतो, पाइप तापतो. दुसऱ्या-तिसऱ्या ठिणगीच्या वेळी आतला साठा पहिल्यापेक्षा मोठा असतो. म्हणजे मूल जेव्हा निर्धास्त होऊन डोळा लावतं, तेव्हा पाइप सगळ्यात जास्त भरलेला असतो. मग बोट चुकून कळीवर पडलं, किंवा शेजारच्या मित्रानं मी बघतो म्हणून आणखी एकदा दाबलं, की संपलं. वीत-दीड वीत अंतरावर ज्वाला, गरम वायू आणि चुन्याचा गाळ, तिन्ही एकदम.

भाजणं आणि कपची लागणं या जखमा दिवाळीत डॉक्टरांना नव्या नाहीत. भुईनळ्यामुळे, बाणामुळे दरवर्षी डोळे जातात. कार्बाइडनं त्यात भर घातली ती चुन्याची.

चुन्याशी मराठी माणसाची ओळख घरची आहे. पानाच्या तबकात तो असतो, तंबाखू मळणाऱ्याच्या खिशातल्या डबीत असतो, पूर्वी भिंतीवर असायचा. मुलांच्या डोळ्यांत चुना जाण्याचे अपघात आपल्या देशात इतके होतात की त्यावर नेत्रतज्ज्ञांनी वेगळे लेख लिहिले आहेत. पान-तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मूल दाबतं आणि ती फुटून डोळ्यात चिळकांडी उडते. तेव्हा मोठी माणसं म्हणतात, चुनाच तो, धुतला की जाईल. चुना जात नाही. त्याचा पीएच साडेबाराच्या आसपास, म्हणजे तो तीव्र अल्कली, आम्लाच्या उलट टोकाचा. आम्ल डोळ्यात गेलं तर ते वरच्या थरातली प्रथिनं गोठवतं आणि त्या गोठलेल्या थरामुळे पुढे शिरायची त्याची वाट काहीशी अडते. अल्कलीचं तसं नाही. ती पेशींच्या आवरणातल्या स्निग्धाचा साबण करते आणि आत सरकत जाते. चुना कॉस्टिक सोड्यापेक्षा हळू शिरतो, पण त्याचे कण पापण्यांच्या घडीत चिकटून बसतात आणि तासन् तास विरघळत राहतात. मूल रुग्णालयाच्या वाटेवर असतं आणि डोळ्यातलं भाजणं चालूच असतं.

एक गोष्ट मला नेत्रतज्ज्ञ मित्रानं समजावली, तिच्यानं माझी झोप उडाली होती. रसायनानं भाजलेला डोळा लालभडक असेल तर घरचे घाबरतात, पांढरा असेल तर सुस्कारा टाकतात. खरं म्हणजे पांढरा डोळा अनेकदा जास्त वाईट. बुबुळाच्या कडेनं बारीक रक्तवाहिन्यांचं एक वर्तुळ असतं, त्याच पट्ट्यात कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेची, त्वचा नव्यानं बनवणाऱ्या मूळपेशी राहतात. त्या वाहिन्या जळून बंद पडल्या की लाली उरत नाही. डोळा स्वच्छ दिसतो, कारण तिथलं रक्तच थांबलेलं असतं. मूळपेशी मेल्या की शेजारची पांढऱ्या भागावरची त्वचा बुबुळावर सरकते, आपल्याबरोबर रक्तवाहिन्या आणते, आणि पारदर्शक काच दुधाळ होत जाते.

अशा डोळ्यावर नुसतं नेत्ररोपण करून भागत नाही, कारण नवी काच बसवली तरी तिची निगा राखणाऱ्या पेशी नसतात. सुरुवातीला डॉक्टर पोटातल्या बाळाभोवतीच्या पिशवीचा आतला पातळ पडदा डोळ्यावर चढवतात, पट्टीसारखा. तो सूज कमी करतो आणि जखम भरायला आधार देतो. हा पडदा सिझेरियनच्या वेळी आईच्या संमतीनं घेतलेल्या वारेतून येतो. पुढे, सूज पूर्ण निवल्यावर, मूळपेशींचं रोपण करता येतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र संगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये यासाठी एक सोपी पद्धत मांडली: चांगल्या डोळ्याच्या कडेची अगदी छोटी चकती काढायची, तिचे बारीक तुकडे करायचे आणि जखमी डोळ्यावर त्या पडद्यावर पेरायचे. पेरणी हाच शब्द इथे चपखल बसतो. पण पेरायला बियाणं हवं, आणि बियाणं त्याच मुलाच्या दुसऱ्या डोळ्यातलं. दोन्ही डोळ्यांनी डोकावलेल्या मुलाला ही वाटही बंद. मग नातेवाइकाच्या पेशी, आणि त्या टिकवायला वर्षानुवर्षं प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं.

हमीदियाचं नाव वाचून ज्यांचं वय पन्नासच्या पुढे आहे त्यांना दुसरीच रात्र आठवली असणार. 3 डिसेंबर 1984 ला पहाटे भोपाळकर डोळे चोळत, ठेचकाळत याच रुग्णालयाकडे धावले होते. तो गॅस वेगळा, मिथाइल आयसोसायनेट. कार्बाइडचा त्याच्याशी रासायनिक संबंध नाही. पण त्या कंपनीचं नाव युनियन कार्बाइड, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तिची सुरुवात कॅल्शियम कार्बाइड बनवण्यापासूनच झाली. भोपाळचे जुने लोक त्या कारखान्याला आजही नुसतं कार्बाइड म्हणतात. त्या शहरात एखादी वस्तू कार्बाइड या नावानं, खेळणं म्हणून, हातगाडीवर मांडली जाते आणि कोणी दचकत नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

सरकार झोपलं होतं असंही नाही. मुख्यमंत्री मोहन यादव यांनी जिल्हा प्रशासनांना अशा गन विकू देऊ नका असं 18 ऑक्टोबरला बजावलं होतं. तारीख पाहा: 18 ऑक्टोबर म्हणजे धनत्रयोदशी. तोवर माल गल्ल्यांत पोचलेला. सगळ्यात मोठा फटका बसलेल्या जिल्ह्यांत विदिशा होता, आणि तिथे आदेशानंतरही या गन उघड विकल्या जात होत्या. पोलिसांनी सहा जणांना पकडलं, ते मुलं रुग्णालयात पोचल्यावर.

पण मला विक्रेत्यांइतकीच कायद्यातली फट महत्त्वाची वाटते. फटाक्यांसाठी 1884 चा स्फोटक पदार्थ कायदा आहे, 2008 चे नियम आहेत, परवाने आहेत, आणि या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय इथेच, आमच्या नागपुरात आहे. कार्बाइडसाठी 1987 चे वेगळे नियम आहेत. कार्बाइडनं फळं पिकवायला अन्नसुरक्षा कायद्यानं बंदी आहे. कागदावर काहीच सुटलेलं नाही. पण हातगाडीवर ही वस्तू सुटी असते. पाइप हे प्लंबरचं सामान, कार्बाइड हा वेल्डिंगच्या दुकानातला माल, ठिणगी देणारी कळ स्वयंपाकघरातली. तिन्ही एकत्र येतात ते गिऱ्हाइकाच्या अंगणात. फटाका तपासायला निघालेला शिपाई हातगाडीवर फटाका शोधतो आणि त्याला तो दिसत नाही. आणि कार्बाइड मिळत नाही असं कोणी म्हणू नये. उन्हाळ्यात आंब्याच्या आणि केळीच्या गोदामांभोवती ते किती सहज मिळतं, हे कोणत्याही बाजार समितीत उभं राहून विचारावं.

आपण महाराष्ट्रातल्यांनी फार लांबून पाहण्यासारखं हे नाही. आमच्या पिढीनं गंधक-पोटॅशचे बार केले आहेत. मी स्वतः आठवीत असताना तसा एक खटाटोप केला होता. डाव्या हाताच्या अंगठ्यावरचा डाग अजून आहे, आणि आईला तो मी पतंगाच्या मांज्याचा म्हणून सांगितला होता. तेव्हा आमच्यात एक मुलगा होता, त्याला सगळे घाबरट म्हणायचे, कारण तो नेहमी भिंतीआडून बघायचा. त्याचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, तो हल्ली अमरावतीत बँकेत आहे.

आता वर्गातला प्रश्न. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर समीकरण लिहिलं, कार्बाइड अधिक पाणी, ॲसिटिलीन अधिक चुना, आणि भोपाळचं सगळं सांगितलं. दरवर्षीप्रमाणे करू नका, घेऊ नका, लांब राहा असं म्हणून मी मोकळा होणार, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, पण नाही फुटली तर मंग काय करा लागते?”

वर्ग हसला. मी हसलो नाही. कारण त्या एका वाक्यात कळत होतं की या मुलानं किंवा त्याच्या कोणा मित्रानं ती वाजवलेली आहे. आणि रुग्णालयात पडलेल्या मुलांना नेमकं हेच कोणी सांगितलेलं नव्हतं. करू नका हे सगळ्यांनी सांगितलं, केलंच आणि अडलं तर काय, हे कोणी नाही. मी त्यालाच उलटा प्रश्न केला, “तुला काय वाटते?”

तो म्हणाला, “पाणी ओता लागन ना. न फुटलेल्या बॉम्बवर ओततेत तसं.”

दिवाळीच्या सूचनांमध्ये आम्हीच शिकवलेलं उत्तर. बादलीभर पाणी जवळ ठेवा, न फुटलेला फटाका त्यात बुडवा. सुतळी बॉम्बसाठी ते बरोबर आहे. कार्बाइडच्या पाइपात पाणी ओतणं म्हणजे चुलीत लाकूड घालणं. फळ्यावर समीकरण लिहिलेलं होतं, तरी मलाही हे त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत सुचलं नव्हतं.

मग उरलेला तास त्यावरच गेला. न वाजलेली गन हातात असेल तर तोंड कोणाकडेही न करता ती जमिनीवर ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. पुन्हा कळ दाबायची नाही, उघडायची नाही, हलवायची नाही, पाणी नाही. सगळ्यांना मागे घ्यायचं. आसपास दिवा, उदबत्ती, सिगारेट काही नको. बंद खोलीत किंवा जिन्यात असेल तर ती उचलून बाहेर न्यायच्या फंदात पडायचं नाही, माणसं बाहेर काढायची. मोठ्या माणसाला बोलवायचं, आणि 101 किंवा 112 ला फोन. मार बसेल या भीतीनं लपवायचं नाही. हे शेवटचं मी दोनदा म्हणालो.

डोळ्यात उडालंच तर चोळायचं नाही. तूप, दूध, गुलाबपाणी, मध, काही घालायचं नाही. चुना मारायला लिंबू पिळावं असंही एकीला वाटलं होतं, तेही नाही. नळाखाली किंवा तांब्यानं साध्या स्वच्छ पाण्याची धार सोडायची, पापण्या बोटांनी उघडून धरायच्या, डोळा चहूकडे फिरवायला सांगायचं, निदान अर्धा तास. मग लगेच नेत्ररुग्णालय. तिथे डॉक्टर पापणी उलटी करून अडकलेले कण काढतात आणि लिटमससारख्या पट्टीनं पाहतात की अल्कली गेली का. कपची रुतलेली दिसत असेल तर ती ओढायची नाही, डोळ्यावर दाब द्यायचा नाही. पाणी अगदी हलक्या हातानं सोडायचं, वर कागदी पेल्यासारखं काही झाकून निघायचं.

घंटा व्हायला दोन मिनिटं होती. पुढच्या बाकावरची मुलगी कपाळाला आठ्या घालून वहीत बघत होती. म्हणाली, “सर, आत्ताच तर तुम्ही म्हणाले का कार्बाइडले पाणी नाही द्यायचं. मंग डोळ्यात पाणी कसं काय?”

मी पुन्हा फळ्याकडे गेलो. पाइपात पाणी थोडं असतं आणि गॅस कोंडलेला, म्हणून ते घातक. डोळ्यात आलेलं असतं ते बहुतेक कार्बाइड उरलेलं नसतं, समीकरणाच्या उजव्या बाजूचा चुना असतो. एखादा खडा दिसलाच तर रुमालाच्या कोरड्या टोकानं गालावरून, पापणीबाहेरून झटकायचा. पण त्यासाठी पाणी थांबवायचं नाही. वाहतं पाणी चुना पातळ करतं आणि बरोबर घेऊन जातं. तिनं समीकरणातल्या चुन्याभोवती पेन्सिलनं गोल केला, बाण काढला आणि शेजारी लिहिलं: इथे पाणी, भरपूर. मागच्या बाकावरच्या मुलानं ते तिच्या वहीतून उतरवून घेतलं.